नावं पुसलेली फ्लॉपी

भाईदास देवरेला दुसऱ्याचा प्रोग्राम उघडून वाचायची भारी खोड होती. कुणाचा पगारपत्रकाचा प्रोग्राम हाती लागो की जिनिंगच्या वजनकाट्याचा, आत शिरून लिहिणाऱ्याने कुठे डोकं चालवलंय आणि कुठे वेळ मारून नेलीय, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पंच्याण्णव साल होतं. धुळ्याला आग्रा रोडवर एका कापडदुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं आणि शहरातल्या दोन-तीन पतसंस्था त्याच्याच प्रोग्रामवर चालत होत्या. हिशेबाचं त्याला भय नव्हतं. त्याचं घोडं अडलं होतं ते मराठीवर.

त्यातल्या एका पतसंस्थेचे मॅनेजर निंबा आबा दर खेपेला एकच गोष्ट काढायचे.

"भाईदास, तुना प्रोग्राम चांगला शे. पन पासबुकवर नाव इंग्रजीमा. मन्या बाया वाचतीन कशा?"

आबांचं खोटं नव्हतं; संस्थेच्या खातेदार बायकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण त्या वेळच्या प्रिंटरला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही ठाऊक नव्हतं. मराठी छापायचं तर एकेक अक्षर ठिपक्याठिपक्यांनी काढावं लागे. वेलांटी शेजारच्या घरात घुसायची, उकार खालच्या ओळीवर लोंबायचा. भाईदासने सहा महिने त्यात घालवले. शेवटी त्याच्या प्रिंटरमधून जे बाहेर आलं ते बघून त्याची बायको म्हणाली, "हे मराठी आहे होय? मला वाटलं मुंग्या मेल्यात."

मग चाळीसगावच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, जळगावला सुनंदा झांबरे म्हणून एक बाई आहेत, त्यांनी हे कोडं सोडवलंय. भाईदास दुसऱ्याच दिवशी पारोळा-एरंडोलच्या वाटेने जळगावला गेला.

सुनंदाबाई नव्या पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत काम करायच्या. तिशीतल्या, बोलणं मोजकं. माहेर यावलकडचं. त्यांनी भाईदासला पाणी दिलं आणि विचारलं, "कोणतं नाव छापून दाखवू?"

भाईदासने मुद्दाम वाकडं नाव शोधलं. "कुऱ्हे," तो म्हणाला. त्या 'ऱ्हे'ने त्याचा महिनाभर छळ केला होता.

प्रिंटर करकरला. कागदावर 'कुऱ्हे' आलं. रफारासारखी ती छोटी चंद्रकोर 'हे'ला नीट बिलगलेली, उकार खाली जागच्या जागी. शाळेतल्या फळ्यावर गुरुजींनी काढावं तसं. भाईदास तो कागद हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिला.

"मॅडम, हे कसं केलं?"

"ते नाही सांगता यायचं," सुनंदाबाई म्हणाल्या. "लायब्ररी देईन. सोर्स नाही देणार."

लायब्ररी म्हणजे तयार पुर्जांची पेटी. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती आपल्या प्रोग्रामला जोडायची आणि हवा तो पुर्जा नावाने हाक मारून वापरायचा. सोर्स म्हणजे ते पुर्जे घडवायची मूळ कृती. सुनंदाबाईंच्या पेटीचं नाव होतं 'वळण'. बाईंनी ती एका फ्लॉपीवर दिली, सोबत एक कागद, त्यावर हाका मारायची मोजकी नावं: ओळ छापायची तर ही, मोठं अक्षर हवं तर ती.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "एकाला विश्वासाने सोर्स दिला होता. त्याने माझं नाव काढून स्वतःचं घातलं आणि गावोगाव विकला. माझी एक चूक राहिली होती, ती पण तशीच विकली. आता देते ते असं देते, की वापरता येईल, पण उघडता यायचं नाही."

भाईदास मनातल्या मनात हसला. उघडता यायचं नाही असं कुणी म्हटलं, की त्याच्या हातांना खाज सुटायची.

पुढचा रविवार त्याने त्या फ्लॉपीवर घातला. फाईल उघडली, आतल्या पुर्जांची नावं वाचायला घेतली. माणूस नावं ठेवतो ती कामावरून ठेवतो. नावं वाचली की अर्धा डाव उघडा पडतो. इथे नावंच नव्हती. म्हणजे होती, पण क्यू सात, एक्स तीन, झेड झेड नऊ असली. कागदावर दिलेली ती मोजकी नावं सोडली, तर आतलं प्रत्येक नाव पुसून त्या जागी काहीतरी अर्थहीन बसवलं होतं. आणि हे हाताने केलेलं नव्हतं. बाईंनी नावं पुसण्यासाठीच एक वेगळा प्रोग्राम लिहिला होता, हे भाईदासच्या दुपारपर्यंत लक्षात आलं. संध्याकाळी त्याने फाईल बंद केली. हरल्याचं दुःख व्हायला हवं होतं, पण त्याला गंमतच वाटत होती. गावातल्या पैलवानाने परगावच्या पैलवानाकडून पाठ टेकवून घ्यावी आणि उठून त्यालाच खांद्यावर घ्यावं, तसं काहीसं.

निंबा आबांच्या पतसंस्थेत मराठी पासबुकं छापायला लागली. आबा स्वतः काउंटरवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एका सकाळी आबा पासबुकांचा गठ्ठा काखेत मारून माडी चढून आले.

"हाई देख," त्यांनी एक पासबुक उघडून टेबलावर टाकलं. "बठ्ठा घोटाळा व्हई गया."

पासबुकाच्या मधल्या घडीवर दोन ओळी एकमेकींच्या अंगावर छापल्या होत्या. घडीच्या जागी प्रिंटरने थोडी जागा सोडून पुढे जायला हवं होतं. तो थांबलाच नव्हता. दुसऱ्या पासबुकात घडीच्या बऱ्याच पुढे उगाच मोकळी जागा सुटली होती. आणि काही पासबुकं अगदी ठीक.

भाईदासने स्वतःचा प्रोग्राम पुन्हा वाचला. त्यात चूक सापडेना. तेव्हा त्याने तेच केलं जे कुणीही केलं असतं. खाली जाऊन एसटीडी बूथमधून जळगावला फोन लावला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या लायब्ररीत चूक आहे."

"असेल," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुमच्यातही असेल. मी उद्या येते. ती बिघडलेली पासबुकं ठेवा, आणि न बिघडलेलीही ठेवा."

आल्या त्या थेट पतसंस्थेत. खांद्याला पर्स, पर्समध्ये फ्लॉप्यांचा डबा. आबांनी चहा मागवला. चहाला हात न लावता बाईंनी पासबुकांचे दोन ढीग केले, बिघडलेली एकीकडे, चांगली दुसरीकडे, आणि एकेक पान उलटत बसल्या.

मध्येच त्यांनी न बघताच विचारलं, "माझी फाईल उघडून पाहिली होती ना?"

भाईदासच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "पाहिली."

"काय दिसलं?"

"काहीच नाही. क्यू सात."

सुनंदाबाई पहिल्यांदाच हसल्या. खूश झाल्या होत्या. मग एक बिघडलेलं पासबुक त्याच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "हे बघा. तारीख आणि रक्कम तुमचा प्रोग्राम छापतो. मराठी मजकूर माझी लायब्ररी छापते. ज्या पासबुकात 'व्याज जमा' अशी मराठी ओळ आलीय, तेच बिघडलंय. जिथे नुसते आकडे आहेत, ते ठीक आहे. दिवाळीत व्याज जमा झालं, तोवर नाव सोडलं तर मराठी ओळच छापली नव्हती."

"म्हणजे तुमचंच."

"किंवा दोघांचं जमत नाही. तुमचं आत कसं लिहिलंय ते मला नका सांगू. मी माझं सांगणार नाही. काय करतं, तेवढंच बघू."

मग त्या दोघांनी जे केलं ते भाईदास पुढे कितीतरी लोकांना सांगत आला. बाईंनी प्रिंटरला कोरा कागद लावला. एक ओळ भाईदासच्या बाजूने छापली, एक स्वतःच्या. पुन्हा एक त्याची, एक त्यांची. कागदावर चार ओळी आल्या. "आता तुमच्या प्रोग्रामला विचारा, तो पानाच्या कितव्या ओळीवर आहे."

भाईदासने विचारलं. उत्तर आलं, दोन.

बाईंनी 'वळण'ला विचारलं. उत्तर आलं, दोन.

आणि कागद तर डोळ्यांपुढे चार ओळींचा.

"दोघंही आपापल्याच ओळी मोजताहेत," भाईदास हळूच म्हणाला. "दुसऱ्याने छापलेली ओळ कुणाच्याच हिशेबात नाही. म्हणून घडी आली तरी कुणाला कळत नाही."

"तुमच्यात ओळी कोण मोजतं? स्वतः लिहिलंय?"

"नाही हो. ते 'ओळपान' आहे. आमचे चुडामण सर होते तंत्रनिकेतनात, त्यांनी लिहिलेलं. सगळ्या विद्यार्थ्यांना फुकट द्यायचे. त्याच्यावाचून कोण प्रिंटरच्या नादी लागतंय?"

सुनंदाबाई खुर्चीतल्या खुर्चीत सरळ झाल्या. "चुडामण सर? शिंदखेड्याचे?"

"तुम्ही ओळखता?"

"जळगावला उन्हाळ्यात त्यांनी शिबिर घेतलं होतं. मी होते. त्यांनी मलेही दिलं ना ते!" बोलता बोलता बाईंची यावलची बोली बाहेर आली, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. "माझ्या 'वळण'च्या पोटात तेच आहे. ओळपान."

निंबा आबांना काही उलगडेना. "काय व्हयनं?"

"आबा," भाईदास म्हणाला, "एका बैलगाडीला दोन गाडीवान बसलेत, आणि दोघांनाही वाटतंय गाडी मी एकटाच हाकतोय."

"मंग एकले उतार ना खाल!"

पण भाईदासला एक गोष्ट खटकत होती. प्रोग्राम जोडताना एकाच नावाचे दोन पुर्जे आले, तर जोडणारा प्रोग्राम तिथल्या तिथे बोंब मारतो. ओळपान दोनदा आलं होतं, तर बोंब का नाही मारली? त्याने ते विचारलं आणि विचारता विचारता त्याला उत्तर दिसलं. बाईंना त्याच्या आधी दिसलं होतं.

"माझ्या पुसणाऱ्या प्रोग्रामने पुसली," त्या म्हणाल्या. "मी त्याला सांगितलं होतं, आतली सगळी नावं पूस. त्याने माझी पुसली आणि सरांचीही पुसली. सरांचं ओळपान माझ्यात राहिलं, पण ओळखू न येणाऱ्या नावाने. जोडणाऱ्याला वाटलं, हा कुणी वेगळाच गडी आहे." त्यांनी पदर सावरला. "सरांचं नावही गेलं त्यात. ते बरोबर नाही झालं."

कुणी दुसरं असतं तर ती गोष्ट तिथेच गिळून टाकली असती. कुणाला कळणार होतं? क्यू सातच्या मागे चुडामण सर दडलेत, हे भाईदासलाही उभ्या जन्मात सापडलं नसतं. बाईंनी आपणहून सांगितलं, तेही हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं, आणि लगेच पुढच्या कामाला लागल्या. भाईदासच्या मनात त्यांची किंमत 'कुऱ्हे'च्या वेळी होती त्याहून कितीतरी वर गेली.

"उपाय साधा आहे," त्या म्हणाल्या. "सरांचं पोटात घ्यायचंच नाही. माझी लायब्ररी मी झाकून देईन, पण ओळपान बाहेर राहील. उघडं, त्याच्या खऱ्या नावाने. माझी लायब्ररी त्यालाच हाक मारेल, तुमचा प्रोग्रामही त्यालाच. पुसणाऱ्याला मला शिकवावं लागेल, की आपलं तेवढं पूस, परक्याच्या नावाला हात लावू नकोस. तुमचा कॉम्प्युटर मिळेल?"

माडीवर आल्यावर त्यांनी डब्यातून सोर्सची फ्लॉपी काढली, आणि थबकल्या. भाईदासने न सांगता आपली खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसला.

"चालू द्या तुमचं," तो म्हणाला.

खाली आग्रा रोडवरून ट्रक जात होते. मागे कीबोर्ड वाजत होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रोग्रामात डोकं घातलं, तो हाताच्या अंतरावर उघडा पडलेला सोर्स सोडून केळ्यांच्या गाड्या बघत बसला होता. आणि त्याला ते जड गेलं नाही. त्या आवाजावरूनच त्याला कळत होतं, बाई अडखळत नाहीत. थांबतात, विचार करतात, मग एका दमात लिहितात.

"झालं. जोडून बघा."

भाईदासने जोडलं. आता जोडणारा प्रोग्राम बोंबलला. 'वळण' ज्या एका नावाने हाक मारत होतं, ते नाव भाईदासजवळच्या ओळपानात नव्हतंच.

"अरे, तुमचं ओळपान जुनं आहे," बाई म्हणाल्या. "सरांनी नंतर त्यात भर घातली. माझ्याजवळ शिबिरातलं आहे."

"मग तेच द्या."

"देते. पण त्याच्याही नंतर त्यांनी काही केलं असेल तर? चाळीसगावच्यांकडे तिसरंच असेल. उघडं ठेवायचं तर सगळ्यांकडे एकच हवं. शिंदखेडा किती लांब आहे इथून?"

दुपारच्या बसने दोघं शिंदखेड्याला गेले. चुडामण सर निवृत्त होऊन गावी राहिले होते. अंगात बंडी, नाकावर जाड भिंगं. भाईदासला त्यांनी आवाजावरून ओळखलं, सुनंदाबाईंना जरा आठवून. अक्कांनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. जेवण होईस्तोवर कामाची गोष्ट काढायची नाही, असा त्या घरचा दंडक होता.

हात धुतल्यावर बाईंनी सगळं सांगितलं. नाव पुसलं गेलं, तेही.

सर गंभीर झाले. "नाव राहायला हवं," ते म्हणाले. "मोठेपणासाठी नाही. माझ्या लिखाणात चूक निघाली, तर ज्याचं काम अडलंय त्याला मला शोधत येता यायला हवं. नाव पुसलं तर तो बिचारा कुणाकडे जाणार? तुझ्याकडे येईल, आणि तू माझी चूक तुझ्यात हुडकत बसशील."

"तसंच झालं, सर. फक्त चूक तुमची नव्हती."

"या वेळी नव्हती," सर म्हणाले आणि मोठ्याने हसले. मग आतून एक फ्लॉपी आणली. बाईंचा अंदाज खरा होता. शिबिरानंतर त्यांनी आणखी बदल केले होते. "आता हेच वापरा सगळ्यांनी. तुमचं तुम्ही झाका, माझी ना नाही. कष्ट तुमचे आहेत. माझं मात्र उघडंच राहू दे. आणि त्यात काही सुधारायचं झालं तर आपापल्या घरी सुधारू नका; मला कळवा, मी सुधारेन."

मग बाईंनी पर्समधून छापलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांशी नेला. 'कुऱ्हे'वर त्यांची नजर थांबली ती थांबलीच.

"ही चंद्रकोर..." ते पुटपुटले. "ही मला पाच वर्षांत जमली नाही."

सुनंदाबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली. "सांगते, सर. त्यात असं आहे..."

"नको, नको!" सरांनी त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली. "सांगू नकोस. आता होतं हे कळलं ना, मग मला जरा डोकं लावू दे. नाहीच जमलं तर येईन जळगावला."

परतीच्या बसमध्ये भाईदासला वाटत होतं, आज आपण दोन माणसं पाहिली. एकाने आपलं सगळं उघडं ठेवलं, दुसरीने दार लावून घेतलं, आणि तरी दोघांनी एकमेकांचं मोल ओळखलं.

दुसऱ्या दिवशी निंबा आबांच्या संस्थेत नव्याने जोडलेला प्रोग्राम चढवला. 'व्याज जमा'वालं सगळ्यात जाडजूड पासबुक आबांनी स्वतः प्रिंटरला लावलं. ओळीमागून ओळ छापत गेली, घडीपाशी प्रिंटर थांबला, जागा सोडली आणि पुढे चालू लागला. आबांनी पासबुक बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताई, आते जेवाले घर चला."

त्यानंतर 'वळण' जिथे गेलं तिथे असंच गेलं: बाईंची झाकलेली लायब्ररी एका फ्लॉपीवर, सरांचं उघडं ओळपान दुसरीवर, आणि सोबतच्या कागदावर पहिल्याच ओळीत सरांचं नाव आणि शिंदखेड्याचा पत्ता. भाईदासनेही आपली व्याजाच्या हिशेबाची लायब्ररी तशीच बांधली. त्यासाठी पुसणारा प्रोग्राम बाईंनी त्याला दिला. तोही अर्थात झाकलेला.

पुढच्या वर्षी पतसंस्थांनी नवे प्रिंटर घेतले. त्यांच्या दोन ओळींतलं अंतर जुन्यापेक्षा निराळं निघालं आणि सगळीकडची पासबुकं एकदम सरकली. चाळीसगावहून, शिरपूरहून भाईदासला फोन यायला लागले. त्याने सरांना कळवलं. सरांनी ओळपानातला तेवढा एक पुर्जा बदलला आणि एसटीच्या पार्सलने फ्लॉप्या पाठवून दिल्या. ज्याने त्याने जुनं काढून नवं बसवलं, प्रोग्राम पुन्हा जोडून घेतला. पासबुकं जागेवर आली. 'वळण'ला कुणी हातही लावला नव्हता. लावता आलाच नसता.

हे सांगायला भाईदासने जळगावला फोन केला, तर सुनंदाबाई वेगळ्याच घाईत होत्या. रावेरकडच्या केळीवाल्यांना गाडीमागे मराठीत पावती हवी होती. वजन, घड, भाडं, सगळं एका कागदावर. हिशेबाची बाजू भाईदासने करावी, छपाईची त्या करतील.

"चालेल का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या लायब्ररीला हाका कोणत्या मारायच्या तेवढा कागद पाठवा," भाईदास म्हणाला. "बाकी मला काही नको."